एफडी मोडू नका, आधी हे वाचा

ती. आई-बाबा,
नमस्कार.

बाबा, रविवारी तुम्ही फोनवर माझं कर्ज फेडायला एफडी मोडायचं बोललात आणि आई मागून "पाठवून टाका एकदाचे, पोरीच्या डोक्याचा ताप जाईल" म्हणाली, तेव्हा मुलं शेजारीच बसलेली होती म्हणून मला मोकळं बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवते, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून घ्या आणि सावकाश वाचा, आईलाही वाचून दाखवा. मुख्य गोष्ट पहिल्यांदाच सांगते, एफडी मोडायची नाही आणि ती माझ्या नावावरही करायची नाही.

तुमच्या ग्रॅच्युइटीचे पैसे आहेत ते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आज ना उद्या करावं लागणारच आहे, मेडिक्लेम आपला नाही, आणि पेन्शनमधून तेवढा खर्च निघणार नाही हे तुम्हीच मला सांगितलंय. ते पंधरा लाख म्हणजे इथले, इंग्लंडचे साधारण बारा-तेरा हजार पौंड, माझं कर्ज जवळपास तेवढंच आहे, म्हणून तुम्हाला वाटलं की एका फटक्यात हिशोब मिटेल. हिशोब मिटेलही, पण ते सगळे पैसे क्रेडिट कार्डवाल्यांच्या खिशात जातील आणि तुम्ही दोघं या वयात रिकाम्या हाताने बसाल. आणि माझ्यासारख्या माणसासाठी इथे कायद्यानेच एक वाट ठेवलेली आहे, मी त्या वाटेला लागलेय, कागद भरणं चालू आहे.

दुसरं म्हणजे पैसे नुसते माझ्या खात्यात येऊन पडले तरी अडचण आहे. मला जी सरकारी मदत मिळते, युनिव्हर्सल क्रेडिट, तिला बचतीची मर्यादा असते. खात्यात ६,००० पौंडांच्या वर रक्कम असली की दर २५० पौंडांमागे महिन्याला ४.३५ पौंड कापतात, म्हणजे बारा-साडेबारा हजार असतील तर महिन्याला शंभरच्या वर गेले. आणि १६,००० च्या वर गेलं की मदतच बंद. आलेल्या पैशातून लगेच कर्ज फेडलं तर त्याला हरकत नसते, हे खरं आहे. पण मला ते तुमच्या पैशातून फेडायचंच नाहीये.

आता कर्ज कसं झालं ते आईला नीट सांगायचंय, कारण तिला वाटतंय मी इतकी वर्षं तिच्यापासून काहीतरी लपवत होते. तसं काही नाहीये आई. मुलांच्या बाबांपासून वेगळं राहायचं ठरलं तेव्हा दोन मुलं, नवीन घराचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याचं भाडं आणि रिकामं घर, गादीपासून कुकरपर्यंत सगळं घ्यायचं होतं. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला की पहिला पैसा हातात यायला पाच आठवडे लागतात. तेवढे दिवस काढायला ॲडव्हान्स देतात पण तोही कर्जच, पुढे दर महिन्याला कापून घेतात. मग किराणा कार्डवर, मुलांचे बूट कार्डवर, थंडीत गॅस-विजेचं बिल राहिलं, ते पुढच्या बिलात चढलं. अशा वेळी मामाने दोन लाख पाठवले, ते नसते तर डिपॉझिटच भरता आलं नसतं. कापून घेण्याचंही सांगते, पूर्वी मदतीच्या मूळ रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत कापायचे, म्हणजे माझ्या तेव्हाच्या ४०० पौंडांतले शंभर. एप्रिल २०२५ च्या शेवटापासून ती मर्यादा १५ टक्क्यांवर आणली, म्हणजे त्याच ४०० मधले साठ. चाळीस पौंडात आमच्या तिघांचा जवळजवळ आठवड्याचा बाजार होतो, तेव्हा हा फरक तुम्ही लहान समजू नका.

बाबा, तुम्ही विचारलंत की सगळ्यांना थोडे थोडे देऊन का नाही गप्प करत. मलाही आधी तसंच वाटायचं, जो जास्त फोन करतो त्याला आधी द्यावं. इथल्या कर्ज-सल्लागार बाईंनी पहिल्याच भेटीत ते उलटं करायला लावलं. त्या एका धर्मादाय संस्थेतल्या आहेत, एक पैसा घेत नाहीत. इथे स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन, सिटिझन्स ॲडव्हाइस अशा संस्था हे काम फुकट करतात, आणि फी घेऊन हेच काम करणाऱ्या खाजगी कंपन्यांच्या जाहिराती मोबाईलवर सारख्या येत असतात, त्यांच्या वाटेला मी गेले नाही. बाईंचं म्हणणं असं की सगळ्यात जोरात ओरडणारं कर्ज सगळ्यात धोक्याचं नसतं. भाडं थकलं तर घर जातं, गॅस-वीज थकली तर घरात बळजबरीने प्रीपेड मीटर बसू शकतो, कौन्सिल टॅक्स थकला तर बेलिफ म्हणजे जप्तीवाला येतो, म्हणून ही कर्जं आधी. क्रेडिट कार्डवाले कितीही फोन करोत, ते शेवटी. भाडं मी एकदाही चुकवलेलं नाही, तेवढं एक डोक्यात पक्कं धरलं होतं.

कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टी समजा, पण इथे ती भाडेकरूला भरावी लागते. घरात मोठं माणूस एकटंच असेल तर २५ टक्के सूट असते, आणि कमी उत्पन्नाला वेगळी सवलत अर्ज करून मिळते, ते दोन्ही आता लागू झालंय. पण त्याआधीची थकबाकी होती. याची पद्धत फार कडक आहे, एक हप्ता चुकला की सात दिवसांची नोटीस, तरी नाही भरला तर पूर्ण वर्षाची रक्कम एकदम मागतात, मग कोर्टाचा आदेश, मग बेलिफ. बेलिफकडे नुसती फाईल गेली की फी चढते, दारात आला की आणखी मोठी फी.

आई, तू "जप्ती" शब्द ऐकून घाबरलीस ना, तर ऐक. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेल्या बेलिफला दार तोडून आत येता येत नाही, मी दार उघडलं नाही तर त्याला परत जावं लागतं. रात्री नऊ ते सकाळी सहा येता येत नाही. घरात फक्त लहान मुलंच असतील तर आत येता येत नाही. फ्रीज, शेगडी, वॉशिंग मशीन, पलंग, मुलांच्या वस्तू यांना हात लावता येत नाही. हे मला कळलं त्या रात्री मी नीट झोपले. त्याआधी बेल वाजली की पोटात गोळा यायचा, धाकटा विचारायचा की आई कोण आहे, मी उगाच म्हणायचे पार्सलवाला असेल.

आणि सध्या तर कुणी येऊच शकत नाही कारण ब्रीदिंग स्पेस लागू झालीये. इंग्लंड-वेल्समध्ये मे २०२१ पासून हा कायदा आहे, सल्लागारामार्फत अर्ज केला की ६० दिवस या कर्जांवरचं व्याज आणि दंड थांबतो आणि वसुलीवाल्यांना फोन करायला, पत्र पाठवायला, दारात यायला बंदी. चालू भाडं आणि चालू बिलं मात्र भरत राहायची. बाबा, तो फोन शांत झाला ना, तेव्हा मला कळलं की मी इतके महिने किती ताठ होऊन जगत होते.

या साठ दिवसांत पुढचा अर्ज तयार करायचाय, डेट रिलीफ ऑर्डर. कर्ज ५०,००० पौंडांच्या आत असेल, मालमत्ता २,००० च्या आत, आणि घरखर्च जाऊन महिन्याला ७५ पौंडांपेक्षा जास्त उरत नसतील, तर हा आदेश मिळतो. गाडी वेगळी मोजतात, ४,००० पौंडांपर्यंतची चालते, माझी जुनी गाडी त्यात आरामात बसते, केअर होमच्या सकाळच्या शिफ्टला बस नसते म्हणून ती लागतेच. आदेश झाल्यापासून एक वर्ष कोणी वसुली करू शकत नाही, आणि वर्षभरात माझी परिस्थिती बदलली नाही तर त्यातली कर्जं कायद्याने संपतात. आधी याला ९० पौंड फी होती, ज्याच्याकडे काहीच नाही त्याने नव्वद कुठून आणायचे, पण एप्रिल २०२४ पासून ती फी काढून टाकली. तोटे आहेतच, नाव सरकारी यादीत लागतं, सहा वर्षं क्रेडिट रेकॉर्ड खराब राहतं, नवीन घर भाड्याने घ्यायचं तर त्रास होईल. ते मला माहीत आहे आणि ते मी स्वीकारलंय.

बाबा, तुमच्या मनात सारखी ती शिक्षक सोसायटीची गोष्ट येते हे मला कळतं. सहकाऱ्याला जामीन राहिलात आणि त्याचे हप्ते तुमच्या पगारातून कापले गेले, आमच्या लहानपणची ती दोन वर्षं घरात कशी गेली ते मला आठवतंय, दिवाळीला फराळ झाला पण कपडे नाही. म्हणून स्पष्ट लिहिते, माझ्या एकाही कर्जाला कोणी जामीन नाही. जामीन असता तर आदेश मला मिळाला असता आणि वसुली त्याच्याकडून झाली असती. तसं काही नाहीये. इथल्या कुठल्याही बँकेला तुमच्याकडे पैसे मागता येत नाहीत, मला उद्या काही झालं तरी नाही.

आता अवघड विषय. मामाचे दोन लाख. अर्जात सगळी कर्जं लिहावी लागतात, घरातल्या माणसाचंही. त्यांना एकट्याला आधी देऊन बाकीच्यांना ठेवलं तर ते इथे चालत नाही, एकाला झुकतं माप दिलं म्हणून अर्ज अडकू शकतो. आणि आदेश झाला की यादीतल्या प्रत्येकाला सरकारी पत्र जातं, मामालाही जाणार. मला माहितीये बाबा, तुम्हाला याची सगळ्यात जास्त लाज वाटेल, मामीसमोर तर फारच. पण पत्र अचानक पडण्याआधी तुम्ही किंवा मी मामाशी बोललेलं बरं, आणि माझं मत आहे की मीच बोलावं, तुम्ही फक्त एवढं सांगा की मनू फोन करणार आहे. कायद्याने ते कर्ज सुटलं तरी वर्षानंतर माझ्या मर्जीने मी मामाला पैसे देऊ शकते, त्याला कोणाची आडकाठी नाही. आणि मी देणार आहे. बँकेने व्याज लावून दिले होते, मामाने रात्री अकरा वाजता एका फोनवर दिले होते, मला या दोन्हींत फरक कळतो.

"सरकारचं खाणं आपल्या घरात कोणी केलं नाही" असं तुम्ही मागे म्हणाला होतात. ते माझ्या मनात राहिलंय. बाबा, मी नोकरी करते. इथल्या किमान वेतनावर, आठवड्याला वीस तास. त्यापेक्षा जास्त करायचे तर मुलांना ठेवू कुठे, शाळा सव्वातीनला सुटते. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला की प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स मदत कमी होते, म्हणजे काम वाढलं तशी मदत आपोआप उतरते. युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांत साधारण तिसरा हिस्सा लोक माझ्यासारखे नोकरी करणारेच आहेत. आणि मला आता इथे कायमचं राहायचा हक्क आहे म्हणून ही मदत मिळते, नुसत्या व्हिसावर असलेल्या बायकांना यातलं बहुतेक काही मिळत नाही, माझ्या ओळखीत एक आपल्याकडचीच मुलगी आहे, तिची अवस्था बघवत नाही. आई, तू शेजारच्या काकूंचा संजय गांधी निराधारचा फॉर्म भरून दिलास, तलाठ्याकडे चार हेलपाटे घातलेस, तेव्हा तुला वाटलं का की काकू भीक मागतायत? मग माझ्याबद्दलही तसं वाटून घेऊ नकोस.

मुलांच्या बाबांकडून पैसे येतात कधी, कधी येत नाहीत. आता ते सरकारी ऑफिसमार्फत लावलंय. ते आले तरी युनिव्हर्सल क्रेडिट कमी होत नाही, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

जेवणाची काळजी करू नका. मोठीला नि धाकट्याला शाळेत जेवण मिळतं. ज्वारीचं पीठ इथे गुजराती दुकानात मिळतं, रविवारी भाकरी आणि पिठलं असतं, मोठी आता स्वतः थापायला बघते, कडा फाटतात पण फुगते.

आता तुमच्याकडून मला काय हवंय ते. आपलं ते जुनं जॉइंट सेव्हिंग अकाऊंट, ज्यात माझं नाव दुसरं आहे, त्यात थोडेच हजार आहेत पण परदेशातलं खातं सुद्धा अर्जात दाखवावं लागतं, लपवलं तर गुन्हा होतो. मी सल्लागार बाईंना ते पहिल्या दिवशीच सांगितलंय. त्याचं गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट बँकेचा शिक्का मारून घ्या, नुसतं पासबुक नको. फ्लॅटवर माझं नाव लावायचं तुम्ही गणपतीत बोलत होतात, ते आत्ता अजिबात करू नका. नॉमिनी म्हणून असू दे, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण मालकीत नाव आलं की माझी मालमत्ता २,००० च्या वर जाईल आणि अर्ज बाद होईल. आदेशानंतरच्या वर्षभरातही माझ्या नावावर काही आलं तर मला ते कळवावं लागतं, तेव्हा बक्षीसपत्र, सोनं, काहीच नको. आईच्या पाटल्या आईच्याच हातात राहू देत.

स्टेटमेंट स्कॅन करून शुक्रवारपर्यंत मेल करा, सायबर कॅफेत जमलं नाही तर दादाच्या मुलाला सांगा, तो मोबाईलवरून करेल. आणि डॉक्टरांची गुडघ्याची तारीख घ्या, पुढे ढकलू नका. तारीख कळली की मला कळवा, मी त्या दिवशी शिफ्ट घेणार नाही.

तुमची,
मनू