गोळी बंद करण्यापूर्वी

सांगली

चि. समीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

डॉक्टरांनी दिलेली नैराश्याची गोळी बंद करून तिच्याऐवजी क जीवनसत्त्व घेतले तर चालेल का, असे तू विचारले आहेस. प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून फोनवर घाईने न बोलता सविस्तर लिहीत आहे.

क जीवनसत्त्वाचा मनाशी संबंध असतो, असे तू वाचलेस, त्यात तथ्य आहे. मेंदूच्या पेशी रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त क जीवनसत्त्व साठवतात आणि शरीरातला साठा आटू लागला तरी मेंदू आपला वाटा सर्वांत शेवटी सोडतो. मनःस्थितीशी संबंधित अशा मेंदूतल्या रसायनांपैकी डोपामिनपासून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तयार करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) क जीवनसत्त्वाची गरज असते, तसेच त्यांतलेच सेरोटोनिन घडण्याच्या पहिल्या पायरीवर जो सहायक पदार्थ लागतो, तो टिकवून धरण्यासही ते मदत करते. पूर्वी लांबच्या सफरीवरील खलाशांना स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या उणिवेचा आजार होई, तेव्हा हिरड्यांतून रक्त येण्याआधीच थकवा आणि खिन्नता त्यांना घेरत असे. ब्रिटिश नौदलातील डॉक्टर जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये अशाच आजारी खलाशांना संत्री आणि लिंबे देऊन बरे केले होते.

मात्र, उणिवेमुळे मन खचते, यावरून खचलेल्या प्रत्येक मनाला क जीवनसत्त्वच हवे, असे ठरत नाही. माँट्रियलमधील एका रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांना रोज दोन वेळा ५०० मिलिग्रॅम दिल्यावर त्यांची मनःस्थिती सुधारली खरी. पण अशा रुग्णांच्या रक्तात ते बहुधा मुळातच कमी असते. उलट, नैराश्याच्या रुग्णांना सिटालोप्राम या नैराश्यावरील औषधाच्या जोडीने ते देऊन पाहिले, तेव्हा नुसत्या सिटालोप्रामपेक्षा अधिक गुण दिसला नाही. शिवाय उदास माणसाचे जेवण तुटते आणि त्यामुळेही रक्तातील प्रमाण घटते, हे विसरू नकोस. गेल्या महिन्यात तू घरी आलास, तेव्हा ताटातली भाकरी अर्धी ठेवून उठत होतास, हे आईने आणि मी दोघांनीही पाहिले.

म्हणून क जीवनसत्त्व अवश्य घे, पण आहारातून घे. भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरते, आणि एका मध्यम पेरूतून त्याहून बरेच जास्त मिळते. आपल्या तासगावच्या द्राक्षांचा मला कितीही अभिमान असला, तरी या बाबतीत ती फारशी कामाची नाहीत. आपल्या औषधांच्या दुकानात पावसाळ्यात डबीचे झाकण सैल राहिले, तर क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर तांबूस ठिपके पडतात, ते तू लहानपणी पाहिले आहेस. हवा आणि उष्णता त्याला सोसत नाही, आणि पाण्यात तर ते विरघळूनच जाते. तेव्हा मेसच्या रटरट शिजलेल्या भाजीवर विसंबू नकोस. पोह्यांवर किंवा वरणावर लिंबू पिळायचे ते पान वाढून झाल्यावर. हजार-दोन हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेण्याचा विचार सोड, कारण जादा मात्रेने पोट बिघडते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. तुझ्या काकांचा त्रास तुला माहीत आहेच.

चालू असलेली गोळी मनाने बंद करू नकोस, हे मी कळवळून सांगतो. ती एकाएकी थांबवली, तर चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते आणि मूळ आजारही उलटू शकतो. बंद करायचीच झाली, तर डॉक्टर ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. गोळीने मळमळते, असे तू लिहिले आहेस. ते त्यांना स्पष्ट सांग, म्हणजे ते मात्रा, वेळ किंवा औषध बदलून देतील.

शनिवारी सकाळच्या एसटीने मी पुण्याला येतो. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. तुझी हरकत नसेल तर मीही आत येईन. मध्यंतरी फार जड वाटले, तर रात्री कितीही वाजता मला उठव. माझा फोन लागला नाही, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीला १४४१६ वर फोन कर. तिथे मराठीत बोलता येते.

तुझे,
बाबा