पत्रपेटीवर नाव लावा, मगच नोकरी बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला. तेव्हापासून नाशिकमध्ये जर्मन भाषेच्या वर्गांच्या पाट्या वाढल्या आहेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले अभियंते, रुग्णालयांतल्या परिचारिका आणि संगणक क्षेत्रातली मुले-मुली तिकडे जात आहेत, बरेचजण जोडीने. वर्गात भाषा शिकवतात, एजंट व्हिसापर्यंत सोबत करतो आणि मार्गदर्शन तिथेच संपते. पण विमान उतरल्यानंतर सहा महिन्यांत घराची आणि कागदांची घडी बसली नाही, तर दोन वर्षांनी नोकरी बदलताना तेच कागद आडवे येतात. म्हणून हे पत्र.

सुरुवात पत्त्यापासून करावी लागते. आपल्याकडे 'पाथर्डी फाटा, मारुती मंदिरामागे' एवढे लिहिले तरी कुरिअरवाला फोन करून येतो. जर्मनीत बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. रस्ता, घर क्रमांक आणि पत्रपेटीवरचे आडनाव एवढाच पत्ता. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. तो शोधाशोध करत नाही, फोनही करत नाही. पत्राने येणाऱ्या गोष्टीही साध्या नसतात. कर क्रमांक, बँकेच्या कार्डाचा पिन, आरोग्य विम्याचे कार्ड, परदेशी नागरिक कार्यालयाची म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेची तारीख, सगळे पोस्टानेच येते. किल्ली हातात पडली त्याच दिवशी बेलवर आणि पेटीवर दोघांची आडनावे लावावीत, साधी कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी चालते.

'दोघांची आडनावे' मुद्दाम म्हटले. समजा पासपोर्टवर 'स्नेहल प्रकाश पाटील' आहे, लग्नाच्या दाखल्यावर 'स्नेहल अमित देशमुख' आणि पदवीवर पुन्हा पाटील. जर्मन कारकुनाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. त्याचा मूळ आधार पासपोर्ट. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदलणे सक्तीचे नाही. जायचे ठरले असेल तर आमच्या मते न बदललेलेच बरे. बदलायचेच असेल तर व्हिसाचा अर्ज भरण्याआधी सगळीकडे एकदाच बदलावे, मध्येच नाही. आपण मधले नाव 'गिव्हन नेम'च्या रकान्यात टाकतो, त्यामुळे तिकडे वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव हे दुसरे पहिले नाव समजले जाते. बँक, विमा, कंपनी, सगळीकडे ते पासपोर्टप्रमाणे तसेच पूर्ण लिहावे. एका ठिकाणी गाळले आणि दुसरीकडे घातले, की जुळवाजुळवीत आठवडे जातात.

राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पालिकेत नाव नोंदवावे लागते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही केलेला मुक्कामाचा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. इथेच पुष्कळांची गाडी अडते. काही दिवसांसाठी घेतलेल्या सुट्टीच्या घरांचे मालक हा दाखला देत नाहीत, म्हणून बुकिंगच्या आधीच 'नोंदणी होईल का' हे लेखी विचारून घ्यावे. नोंदणीला लग्नाचा दाखला, शक्यतो प्रमाणित जर्मन भाषांतरासह न्यावा. तो नेला नाही तर जोडप्याची नोंद विवाहित म्हणून होत नाही, आणि त्याचा फटका थेट पगाराला बसतो.

तो कसा, ते सांगतो. नोंदणीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांक येतो. तो वेळेत दिला नाही तर कंपनी पगारावरच्या कराच्या सहाव्या वर्गाने, म्हणजे सर्वांत जास्त दराने कर कापू शकते. जादा कापलेले पुढे परत मिळते, पण पहिल्या महिन्यात तीच रक्कम हाताशी हवी असते. एकटा माणूस पहिल्या वर्गात धरला जातो. बायको नाशिकला असेपर्यंत नवराही त्यातच असतो. दोघे तिकडे राहू लागले आणि नोंद विवाहित झाली, की दोघांना चौथा वर्ग लागतो. एकाचा पगार बराच जास्त असेल तर अर्ज करून त्याला तिसरा आणि दुसऱ्याला पाचवा घेता येतो. त्या वर्षासाठी बदल हवा असेल तर अर्ज 30 नोव्हेंबरपर्यंत करावा लागतो. तीन-पाचमध्ये दर महिन्याला घरात जास्त पैसे येतात म्हणून बहुतेक जोडपी डोळे झाकून तेच घेतात. त्यात एक खाच आहे. बेकारी भत्ता हातात पडणाऱ्या पगारावर ठरतो. पाचव्या वर्गात हातात कमी येते, म्हणून त्या व्यक्तीची नोकरी गेली तर भत्ताही कमी मिळतो. ज्याची नोकरी डळमळीत आहे त्याला पाचव्या वर्गात ठेवू नये.

आता घर. जाहिरातीत दोन भाडी दिसतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचे, वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, कचरा आणि बहुधा हीटिंगची उचल धरलेली. वीज सहसा वेगळी असते आणि तिचा करार स्वतः करावा लागतो. उचल ही अंदाजाने असते, वर्षाचा हिशोब नंतर येतो आणि थंडीत खिडकी तिरपी उघडी ठेवून हीटर चालवणाऱ्याला त्यात काही शे युरो भरावे लागू शकतात. अनामत रक्कम कायद्याने तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क आपल्या लोकांना माहीतच नसतो. किल्ली घेताना मालकासोबत खोलीखोलीतून फिरून नोंदपत्र करावे. फरशीवरचा ओरखडा, बेसिनची चीर, मीटरचे आकडे, सगळ्याचे फोटो काढावेत. घर सोडताना अनामत याच कागदावर सुटते किंवा अडकते.

पुष्कळ घरे स्वयंपाकघराशिवायच मिळतात. भिंतीतून पाण्याचा नळ आणि शेगडीच्या विजेची तार बाहेर आलेली असते, बाकी काही नसते. ही जोडणी तीन फेजची असू शकते, त्यामुळे शेगडी इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावी. आधीचा भाडेकरू आपला ओटा-कपाटे विकायला तयार असेल तर तो पर्याय आधी पाहावा. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. नाशिकमधून नेताना बुडाला लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले तर न्यावा. मिक्सर न्यायला हरकत नाही, दोन्हीकडे वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच आहे. मात्र आपली तीन पिनांची प्लग तिकडे बसत नाही, आणि मेनरोडला मिळणाऱ्या स्वस्त चपट्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अर्थिंग नसते. तिकडच्या इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्यावी. रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर मिक्सर किंवा ड्रिल वापरू नये, शेजारी तक्रार करतात. फोडणी आणि कुकरची वाफ बंद घरात साचली तर थंड भिंतीवर काळी बुरशी धरते आणि मालक ती तुमच्या माथी मारतो. दिवसातून तीन-चार वेळा हीटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटे पूर्ण उघडाव्यात. खिडकी दिवसभर तिरपी उघडी ठेवण्याने भिंत थंड पडते आणि बुरशी उलट वाढते.

आता मुख्य विषय, नोकरीबदल. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा वास्तव्य-परवाना. त्यावर पहिले 12 महिने नोकरी बदलायची असेल तर आउसलेंडरबेहोर्डेला कळवावे लागते. ते कार्यालय 30 दिवसांपर्यंत बदल थांबवून तपासू शकते, आणि अटी पुऱ्या होत नसतील तर नाकारू शकते. नव्या पगारालाही किमान मर्यादा असते. 2025 साली ती साधारण व्यवसायांसाठी वर्षाला 48,300 युरो होती आणि ती दरवर्षी वाढते. इतर नोकरी-परवान्यांवर बहुधा मालकाचे नावच असते, तिथे नवी नोकरी सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी लागते. कार्डासोबत घडी घातलेला एक कागद मिळतो, त्याला त्सुझाट्सब्लाट म्हणतात. राजीनामा लिहिण्याआधी त्यातले शब्द वाचावेत. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करता येते, तशी नोंद त्यांच्या परवान्यावर असते. पण त्या परवान्याचे आयुष्य मुख्य कार्डावर टांगलेले असते, हे विसरून चालत नाही. नोकरी मुदतीआधी संपली तर कार्डधारकाने ते कळल्यापासून दोन आठवड्यांत त्या कार्यालयाला कळवावे लागते.

नव्या नोकरीत सहसा सहा महिन्यांचा चाचणीकाळ असतो, प्रोबेत्साइट. त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या नोटिशीने मोकळे होता येते. म्हणून आमचे ठाम मत असे, की दोघांनी एकाच वेळी नोकरी बदलू नये. एकाचा चाचणीकाळ संपेपर्यंत दुसऱ्याने आहे तिथेच थांबावे. घर बदलायचेही त्यानंतरच.

कारण घराची नोटीस वेगळ्या घड्याळावर चालते. भाडेकरूची नोटीस तीन महिन्यांची असते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पडली तरच तो महिना धरला जातो. समजा म्युन्शेनची नोकरी सोडून 1 नोव्हेंबरला स्टुटगार्टमध्ये रुजू व्हायचे आहे. घराची नोटीस ऑक्टोबरच्या पहिल्या तीन कामाच्या दिवसांत पोचली तर घर डिसेंबरअखेर सुटते, 10 ऑक्टोबरला पोचली तर थेट जानेवारीअखेर. म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी दोन्हीकडचे भाडे. महिना 1,200 युरो धरले तर 3,600 युरो गेले, शिवाय नव्या घराची अनामत. जुनी अनामत काही महिने परत येत नाही, मालक हिशोबापुरती ती अडवून ठेवू शकतो. बदली भाडेकरू आणून दिला म्हणून मालकाने सोडलेच पाहिजे असे नाही, पण आधी गोडीने विचारले तर बरेच मालक ऐकतात.

नोकरीची नोटीस चाचणीकाळानंतर कायद्याने किमान चार आठवड्यांची असते, महिन्याच्या 15 तारखेला किंवा अखेरीस संपणारी. करारात बहुधा तीन महिने लिहिलेले असतात. नोकरीची काय आणि घराची काय, नोटीस कागदावर आणि शाईच्या सहीनेच द्यावी लागते. ई-मेल, व्हॉट्सॲप किंवा स्कॅन पाठवले तर ती दिलीच नाही असे धरले जाते. हातोहात द्यावी, आपल्या प्रतीवर तारखेसह सही घ्यावी.

कंपनी माणसे कमी करत असेल तर 'परस्पर संमतीने सोडू' असा करार पुढे करते. त्यावर त्याच दिवशी सही करू नये. स्वतःहून नोकरी सोडली असे धरून बेकारी भत्ता 12 आठवड्यांपर्यंत थांबवला जाऊ शकतो. भत्ता मिळायला मागच्या 30 महिन्यांत किमान 12 महिने बेकारी विमा भरलेला हवा. मग हातातल्या पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के मिळतात. नोकरी संपणार हे कळल्यावर रोजगार कार्यालयात तीन महिने आधी, वेळ कमी असेल तर तीन दिवसांत नोंद करावी. सोडताना कामाचा दाखला मागून घ्यावा, पुढचा मालक तो मागतोच. गाव बदलले की पुन्हा 14 दिवसांत नोंदणी, आणि जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज पोस्टात आधीच द्यावा. ब्लू कार्डाची मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आत पडलाच पाहिजे. फाइल नव्या गावी गेली की वेळ लागतो.

नाशिकमध्ये निघण्याआधी करायची कामेही कमी नाहीत. बँकेचे बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचे इथले रुपयांतले खाते, करून घ्यावे, अनिवासी झाल्यावर साधे खाते तसेच चालवणे नियमाला धरून नाही. बँकेचे ओटीपी येणारा मोबाइल नंबर इंटरनॅशनल रोमिंगसह चालू ठेवावा. तो बंद पडला तर इथल्या खात्याला हात लावता येत नाही. गंगापूर रोडचा किंवा इंदिरानगरचा फ्लॅट भाड्याने देणार असाल तर भाडेकरूला आधीच सांगा, की अनिवासी मालकाच्या भाड्यातून साधारण 31.2 टक्के टीडीएस कापावा लागतो. नंतर कळले की वाद होतात. आई-वडिलांच्या किंवा भावाच्या नावे मुखत्यारपत्र इथेच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावे. तिकडून केलेले मुखत्यारपत्र राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरून घ्यावे लागते. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा, पण भारतीय परवाना जर्मनीत मुक्कामापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

शहरातल्या भाषावर्गांना आणि कराराखालील प्रशिक्षण केंद्रांना आमची विनंती आहे, की अभ्यासक्रमात दोन दिवस या कागदांसाठी ठेवावेत. नोंदणीचा फॉर्म, भाडेकराराचा एक नमुना आणि नोटीशीचे चार ओळींचे पत्र विद्यार्थ्यांकडून जर्मनमध्ये हाताने लिहून घ्यावे. बी-वन या मधल्या पातळीची जर्मनची परीक्षा पास झालेल्यांनाही नोटीशीचे पत्र लिहिता येत नाही, आणि नेमके तेच पत्र चुकले की तीन महिन्यांचे भाडे जाते.

आपले,
परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रे पाहणारे दोघे वाचक
गंगापूर रोड, नाशिक