चोंदलेले नाक आणि थेंबांची सवय

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

नाक चोंदणे आणि तोंडाला कोरड पडणे या तक्रारी बहुतेक लोक वेगवेगळ्या मानतात आणि त्यांवर औषधेही वेगवेगळी घेतात. औषधविक्रीच्या व्यवसायात असल्यामुळे मला मात्र वरचेवर असे दिसते, की पहिल्या तक्रारीवर मनाने घेतलेल्या औषधानेच दुसरी बळावते.

शेंबूड साचल्यामुळेच नाक चोंदते, हा समज अपुरा आहे. नाकाच्या आतले रक्तवाहिन्यांनी भरलेले अस्तर सर्दी, ॲलर्जी किंवा धुरामुळे सुजते आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणून कितीही शिंकरले तरी मोकळे वाटत नाही आणि आडवे झाल्यावर त्रास वाढतो. मग रात्रभर श्वास तोंडाने चालतो. एरवी दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, पण झोपेत ती अगदीच कमी होते. त्यात हवा जिभेवरून सतत ये-जा करू लागली, की सकाळी जीभ टाळूला चिकटते आणि घशाला कोरड पडते. लाळ दातांचे आम्लापासून रक्षण करते, त्यामुळे ही कोरड महिनोन्महिने राहिल्यास दात किडू लागतात. याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

सर्दीच्या अनेक गोळ्यांत असलेले क्लोरफेनिरामिन वाहते नाक थांबवते, पण लाळही आटवते. त्याच गोळ्यांत नाक मोकळे करण्यासाठी घातले जाणारे फिनाइलेफ्रिन तोंडावाटे नेहमीच्या मात्रेत घेतल्यास उपयोगी पडत नाही, असे मत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये एकमताने दिले. नाकात घालायचे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब मात्र काही मिनिटांत गुण देतात, आणि खरी मेख तिथेच आहे. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते चालू ठेवले, तर त्यांचा अंमल उतरताच अस्तर पुन्हा सुजू लागते. सदऱ्याच्या खिशात बाटली बाळगणारे आणि बोलता बोलता मान मागे टाकून दोन थेंब सोडणारे गिऱ्हाईक पाहिले, की सर्दी केव्हाच बरी झाली असून आता थेंबच नाक चोंदवत असावेत, अशी शंका येते. ही सवय सोडवण्यासाठी डॉक्टर बऱ्याचदा स्टिरॉइडचा स्प्रे देतात. त्याचा पुरता गुण यायला काही दिवस, कधी आठवडेही लागतात. लोक दोन दिवसांत तो टाकून पुन्हा थेंबांकडे वळतात. शिवाय फवाऱ्याचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याच्या दिशेने धरावे, हे पुष्कळांना कोणी सांगितलेलेच नसते, आणि मग नाकातून रक्त येते.

साध्या सर्दीत मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा निर्धोक उपाय आहे. मात्र पाणी उकळून गार केलेलेच हवे. झोपताना उशी थोडी उंच घ्यावी. कोरड्या तोंडासाठी पाणी घोटघोट पीत राहावे, साखर नसलेले च्युइंगगम चघळावे, तंबाखू आणि अल्कोहोलयुक्त माउथवॉश टाळावेत.

नाक मोकळे असूनही तोंड सतत कोरडे राहत असेल, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते: नैराश्यावरची किंवा लघवीची वारंवारता कमी करणारी औषधे, मधुमेह, आणि सोबत डोळेही कोरडे पडत असतील तर श्योग्रेन हा विकार. नाकाची एकच बाजू सतत बंद राहणे किंवा तिथून रक्त येणे, यासाठी तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेच जावे.

थेंबांच्या बाटलीवर दिवसांची मर्यादा छापली असली, तरी ती भिंगाशिवाय वाचता येईल अशी क्वचितच असते. औषध कंपन्यांनी ती दर्शनी बाजूला, लोकांच्या भाषेत आणि ठळक अक्षरांत छापावी, आणि आम्ही विक्रेत्यांनीही बाटली हातात देताना ती तोंडी सांगावी, अशी विनंती आपल्या पत्रातून करू इच्छितो.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता