सांताक्लॉजला ‘आ’, देवाला ‘इन’

तोरिनो,
रविवार

प्रिय मिलिंद,

तुझी इटालियन भाषांतराची फाईल वाचली. इंग्रजीत ‘बिलीव्ह’ दिसलं रे दिसलं की तू ‘क्रेदेरे’ ठोकून दिलंयस. डिक्शनरीच्या हिशेबानं चालेल, पण इथली माणसं असं बोलत नाहीत आणि तुमचा ग्राहक इथलाच, तो नाक मुरडणार. फोनवर तू निम्मं ऐकतोस, म्हणून लिहूनच पाठवतोय.

खरा घोळ ‘बिलीव्ह इन’चा आहे. इंग्रजीत देव काय, सांताक्लॉज काय, सगळ्यांना एकच ‘इन’. इटालियनमध्ये देवाला ‘इन’: क्रेदो इन दीओ. सांताक्लॉजला, म्हणजे इथल्या बाब्बो नातालेला, ‘आ’. ‘आ’ लावलं की ती गोष्ट किंवा कुणाचं बोलणं खरं मानलं, एवढंच. ‘इन’ लावलं की त्याच्यावर भरवसा टाकला. (भुतांच्या बाबतीत दोन्ही कानावर येतं. भुतंच ती.) त्यामुळे ‘बिलीव्ह इन युवरसेल्फ’ला तुझं ‘क्रेदी इन ते स्तेस्सो’ अगदी बरोबर, हात लावू नकोस.

हा भेद किती मुरलाय ते चर्चमध्ये कळतं. रविवारच्या मिस्सात नायसीन मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरलेली कबुली, म्हणतात, त्यात पिता, ख्रिस्त आणि पवित्र आत्मा या तिघांना ‘इन’ आहे. चर्चची पाळी आली की नुसतं ‘क्रेदो ला किएझा’, ‘इन’ गायब! मूळ लॅटिनमध्येही तिथं ‘इन’ नाही. भरवसा देवावर टाकायचा, चर्च ही त्याची करणी. दोन्ही एका पंक्तीला बसवायचे नाहीत, असा त्यामागचा विचार. इंग्रजी मिस्सात मात्र चर्चलाही बिनदिक्कत ‘इन’ आहे. तिथं 2011 मध्ये नवं भाषांतर आलं, ‘वुई बिलीव्ह’चं ‘आय बिलीव्ह’ झालं, पण हा ‘इन’ तसाच राहिला. मला विचारशील तर इटालियन लोकांनी हे जास्त नीट सांभाळलंय.

आता साहेबांचं भाषण. ‘आय फर्मली बिलीव्ह’ला तू ‘क्रेदो फेर्मामेंते’ लिहिलंयस. व्याकरणात बसतं, पण सारखं सारखं आलं की पोपटपंची वाटते. तिथं ‘सोनो कोन्विंतो’ घाल, म्हणजे माझी खात्री आहे. नुसतं ‘क्रेदो’ हे आपल्या ‘मला वाटतं’च्या जवळचं. म्हणून तर त्याच्या पुढचं क्रियापद बदलतं: ‘क्रेदो के सिया वेरो’ (मला वाटतं की ते खरं आहे), ‘ए वेरो’ नव्हे. बोलताना पुष्कळजण सर्रास ‘ए’ म्हणून मोकळे होतात, पण छापील मजकुरात ते खटकतं. दोन्हीकडे कर्ता एकच असेल तर ‘के’, म्हणजे आपलं ‘की’, नकोच: क्रेदो दी आवेर कापीतो, मला समजलंय असं वाटतं. आणि गप्पांच्या प्रसंगात ‘मी सा के’ वापर. ‘मी सा के प्योवे’, पाऊस येतोय वाटतं. यात क्रियापद बदलायची भानगडच नाही.

‘नो वंडर’ला काय, हे तू विचारलं होतंस. पोर्ता पालात्सोच्या बाजारात टोमॅटोवाल्या बाईंनी ‘आज एवढेच?’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे, पाचव्या मजल्यापर्यंत ओझं चढवायचंय. पिशवीला गाठ मारता मारता, मान वर न करता बाई म्हणाल्या, ‘ए ची क्रेदो!’ शब्दशः ‘आणि माझा विश्वास आहे’, पण ऐकायचं ‘मग काय तर!’ असंच. याला ‘नोन’ जोडलं, ‘नोन ची क्रेदो!’ म्हटलं, की झालं ‘काय सांगतोस!’

बाकीचं भराभर सांगतो. ‘बिलीव्ह इट ऑर नॉट’ला ‘के तू ची क्रेदा ओ नो’. पोरांच्या खोट्या-खोट्या खेळाला ‘फारे फिंता’. तिथं क्रेदेरेला बोलवायचंच नाही. थाप पचली असेल तर ‘से ले बेवूता’, म्हणजे पठ्ठ्या ती पिऊन टाकतो. आणि बातमी मिठाच्या चिमटीबरोबर घ्या असं इंग्रज सांगतो, तिथं इटालियन माणूस ती चिमट्यानं उचलतो: कोन ले पिंत्से.

एक वाक्य मुद्दाम कोरं ठेवलंय, ‘ही लॉस्ट हिज फेथ’. त्याचं ‘आ पेर्सो ला फेदे’ होतं खरं, पण लग्नाच्या अंगठीलाही इथं ‘फेदे’च म्हणतात. गडी नास्तिक झाला की घरी जाऊन बायकोच्या शिव्या खाणार आहे, हे त्या एका ओळीवरून कळत नाही. मागचापुढचा परिच्छेद पाठव. आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अन्या