पदनाम एक झाले तरी सहीचा अधिकार एक होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सीए (चार्टर्ड अकाउंटंट), सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) आणि सीएस (कंपनी सेक्रेटरी) यांच्या तिन्ही संस्था एकत्र करून सगळ्यांना एकच पदनाम द्यावे, ही चर्चा अधूनमधून डोके वर काढते. २०२२ च्या दुरुस्ती कायद्याने तिन्ही संस्थांची समन्वय समिती आणली, संस्था मात्र वेगळ्याच राहिल्या. तरीही ‘कॅनडात झाले, मग इथे का नाही?’ असे जळगाव-धुळ्यातले विद्यार्थी हमखास विचारतात. तिकडे नेमके काय झाले, हे त्यांना कोणी सांगत नाही.

कॅनडातही सीए, सीजीए (सर्टिफाइड जनरल अकाउंटंट) आणि सीएमए (तिकडे सर्टिफाइड मॅनेजमेंट अकाउंटंट) अशा तीन वेगळ्या संस्था होत्या. क्विबेक प्रांताने मे २०१२ मध्ये पहिले पाऊल टाकले. जानेवारी २०१३ मध्ये ‘सीपीए कॅनडा’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सीजीएंची राष्ट्रीय संघटना तीत सामील झाली. नवे पदनाम सगळ्यांना एकच, सीपीए, म्हणजे चार्टर्ड प्रोफेशनल अकाउंटंट. पण जुन्या सभासदांनी दहा वर्षे नव्या अक्षरांपुढे जुनी अक्षरेही लावायची, म्हणजे ‘सीपीए, सीए’ किंवा ‘सीपीए, सीजीए’, असे ठरले. समोरचा माणूस कोणत्या परीक्षेतून आला आहे हे ग्राहकाला कळावे, एवढाच त्यामागचा हेतू. ज्याच्याकडे लेखापरीक्षणाचा परवाना आधी नव्हता, त्याला तो नव्या अक्षरांमुळे मिळाला नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये ऑन्टारिओ आणि क्विबेक इथल्या संस्था राष्ट्रीय संस्थेतून बाहेर पडल्या, तरी तिथल्या सभासदांचे पदनाम गेले नाही, कारण ते प्रांताच्या कायद्याने दिलेले आहे. एकीकरणाच्या भाषणांत हा भाग सहसा गाळला जातो!

आपल्याकडचा अनुभवही जुना नाही. २०१२ मध्ये कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेच्या नावातून ‘वर्क्स’ गेले आणि सभासदांची एआयसीडब्ल्यूए, एफआयसीडब्ल्यूए ही अक्षरे बदलून एसीएमए, एफसीएमए झाली. हे विलीनीकरण नव्हते, फक्त नाव बदलले होते. तरी गोंधळ व्हायचा तो झालाच. संस्थेच्या नव्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे (आयसीएआय) सीए संस्थेच्या आद्याक्षरांशी तंतोतंत जुळली. बँकेत तर ‘सीएमए’ म्हटले की कर्ज विभागाला क्रेडिट मॉनिटरिंग अरेंजमेंटचे, म्हणजे कर्जमागणीसोबत द्यायच्या आर्थिक आकड्यांचे तक्तेच आठवतात. रावेर-सावद्याकडचा केळीचा व्यापारी रायपनिंग चेंबरच्या (केळी पिकवण्याच्या खोलीच्या) कर्जासाठी गेला आणि त्याला ‘सीएमए आणा’ सांगितले, तर त्याने माणूस आणायचा की कागद? (कागद. तोही साधारणपणे सीएच करून देतो.)

उद्या पदनाम खरेच बदलले, तर व्यावसायिकांनी क्रम चुकवू नये. आधी संस्थेच्या नोंदवहीत नाव आणि सभासद क्रमांक तपासावा, मग प्रॅक्टिस सर्टिफिकेट आणि फर्मची नोंदणी, त्यानंतर आयकर, जीएसटी आणि कंपनी खात्याच्या पोर्टलवरचे प्रोफाइल. लेटरहेड, रबरी शिक्का आणि दारावरची पाटी सगळ्यांत शेवटी. घाई नेमकी उलटी होते, पाटी आधी बदलते. फर्मचे नाव तेच असेल तर पॅन आणि टॅनला हात लावायची गरज नाही. पोर्टलवर नावाच्या रकान्यात पदनामाची अक्षरे घुसडू नयेत. पॅनवरच्या नावाशी ते जुळत नाही आणि डिजिटल सही नोंदवताना अडते.

कोणाची सही कुठे चालते, हे अक्षरांवर नाही, त्या त्या कायद्यावर ठरते. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकराचे टॅक्स ऑडिट प्रॅक्टिसमधल्या सीएकडेच आहे. कॉस्ट ऑडिट (उत्पादनखर्चाच्या हिशेबाची तपासणी) प्रॅक्टिसमधल्या कॉस्ट अकाउंटंटकडे आणि सेक्रेटरियल ऑडिट (कंपनीने कायदे पाळले का याची तपासणी) प्रॅक्टिसमधल्या सीएसकडे. जळगावच्या एमआयडीसीतले प्लास्टिक पाइप कॉस्ट ऑडिटच्या यादीत येतात, पण कंपनीची एकूण उलाढाल १०० कोटी आणि त्या मालाची ३५ कोटी झाल्याशिवाय ते ऑडिट लागू होत नाही. आपल्या गावोगावच्या पतसंस्थांचा मामला आणखी वेगळा. तिथे सहकार खात्याच्या नामतालिकेवर नाव असावे लागते आणि त्या तालिकेत सीएंबरोबर प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. एकच पदनाम दिले तर या सगळ्या वाटा त्या त्या कायद्यात दुरुस्त कराव्या लागतील. तोपर्यंत पतसंस्थेच्या सभासदाने नावापुढची अक्षरे बघून समाधान मानू नये.

व्यापाऱ्याने काय बघावे, तेही सांगतो. सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर १८ अंक-अक्षरांचा यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे, उरलेली दहा अंक-अक्षरे यंत्राने दिलेली. तो संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. सहीनंतर ६० दिवसांत तो काढावा लागतो, म्हणून जुन्या तारखेचा कागद हातात आला तर तपासणी आधी करावी. अक्षरे बदलली तरी सभासद क्रमांक तोच राहिला, तर ही साखळी तुटत नाही. म्हणूनच विलीनीकरणाच्या कोणत्याही मसुद्यात सभासद क्रमांक न बदलण्याचे कलम असावे, ही आमची पहिली मागणी. दहा वर्षे जुनी-नवी अक्षरे सोबत चालवण्याची सक्ती, ही दुसरी.

क्लासच्या जाहिराती छापताना नुसते ‘सीपीए’ घेऊ नये, देश लिहायला लावावा, ही विनंती आपल्या वृत्तपत्राला. अमेरिकेत तो परवाना राज्याचे मंडळ देते, कॅनडात प्रांताची संस्था, आणि दोन्हींच्या परीक्षा वेगळ्या आहेत. फी भरून झाल्यावर हे कळणारे पालक इथे कमी नाहीत.

जुन्या सह्यांचे कागद मात्र कोणी नव्या शिक्क्याने ‘दुरुस्त’ करू नयेत. २०११ चा अहवाल त्या दिवशीच्या पदनामानेच वैध आहे. त्यावर आज नवा शिक्का मारला तर तो खाडाखोड केलेला कागद ठरतो.

आपले,
जळगाव व धुळे येथील काही लेखा व्यावसायिक