काका, त्या अडीच महिन्यांसाठी

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही आभार मानू देत नाही. मागच्या वेळी विषय काढला तर "चहा टाका जी" म्हणून उठून बाल्कनीत गेलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही.

डिसेंबर 2023 मध्ये आईचं तेरावं झालं आणि नागपुरात महाल भागातल्या घरात मी तिचं कपाट आवरायला घेतलं. बांगड्यांच्या डब्याखाली स्टँपपेपर निघाला. दत्तकपत्र, सन 1964. घेणारे माझे बाबा, देणारा कुणी अनोळखी माणूस, मुलगी 'वय अंदाजे तीन महिने'. वयाच्या 59 व्या वर्षी मी ते उभ्यानं वाचलं आणि तिथेच फरशीवर बसले. 'मौजा' या शब्दापुढे नेमकी घडी पडली होती आणि गावाचं नाव कसरीनं खाल्लं होतं. तालुका काटोल, एवढंच वाचता येत होतं.

मुलगा म्हणाला, डीएनए चाचणी कर. पण तिकडच्या कुणी ती केलेली असेल तरच जुळणी सापडणार. वकिलांनी सांगितलं, दत्तकपत्राची नोंदणी कायद्यानं सक्तीची नाही, आणि हे नोंदवलेलंच नाही, तेव्हा निबंधकाकडे नक्कल मिळायची नाही. मग शेजारच्या वहिनींनी तुमच्याबद्दल सांगितलं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले काका.

कोतवाल बुक हा शब्द मी तुमच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. गावात कुणाकडे बाळ झालं की कोतवाल वहीत लिहायचा: तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुधा नसायचंच. आडनावावरून कोणकोणत्या गावांत शोधायचं ते तुम्ही काढलंत, अर्ज माझ्याकडून लिहून घेतलेत, खेटे मात्र स्वतः घातलेत. एसटीच्या तिकिटाचे पैसे तेवढे घ्यायचात, तेही छोट्या वहीत मांडून. जुलैमध्ये नक्कल हातात आली. बापाचं नाव तेच, आणि पुढे एक शब्द: मुलगी.

मी त्याच दिवशी काटोलला निघाले होते. तुम्ही अडवलंत. "थांबा बाई. बाप गेला, पण माय हाये. तिनं घरात सांगतलंच नसन तर? आधी तिले विचारू." मी चिडले. साठ वर्षांनी आता कुणाची परवानगी घ्यायची, असं बोलून फोन आपटला. त्याची माफी मी कधी नीट मागितली नाही, ती आज मागते.

तुम्ही तिला बांधावर एकटीला गाठलंत. लेकांना, सुनांना खरोखरच काही माहीत नव्हतं. "पोरगी बरी हाये, नागपूरले हाये" एवढं सांगून, तिकिटामागे तुमचा फोन नंबर लिहून देऊन परतलात. ती काही बोलली नाही, फक्त पाणी दिलं, हे मला फार उशिरा कळलं. अडीच महिन्यांनी तिच्या नातवानं तुम्हाला फोन लावून दिला. तोवर तिनं घरात सगळ्यांना स्वतः सांगितलं होतं. जुलैत मी दारात जाऊन उभी राहिले असते, तर सुनांना हे माझ्या तोंडून कळलं असतं. हा विचार आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

भाऊ आधी तुमच्याकडे आले आणि त्यांचा पहिला प्रश्न 7/12 चा होता. तेव्हा मला लागलं. आता वाटतं, सात एकरांवर दोन संसार चालतात, विचारणारच ना. तुम्ही त्यांना 1956 चा कायदा समजावलात: दत्तक गेलेल्या मुलीचं जन्मघराशी कायदेशीर नातं त्याच दिवशी तुटतं, वारसा दत्तक घरचा. त्या रात्री धाकट्याचा मला पहिला फोन आला. "ताई, माय म्हनते मृगाची संत्री निघतीन तवा या."

फेब्रुवारीत गेले. माय अंगणात संत्री निवडत बसली होती. तिनं मला शेजारी बसवलं, एक संत्रं सोललं, फोडींवरचे धागे काढले आणि एकेक फोड हातावर ठेवत गेली. अख्खं संत्रं संपेपर्यंत दोघी गप्प होतो. मग मी आईचा फोटो काढून दिला. माय म्हणाली, "लुगडं हिरवं होतं तिचं. तुले घेतलं अन् लगेच पदराखाली झाकलं, थंडी होती ना." वकिलांनी सांगितलं होतं की दत्तकाला प्रत्यक्ष देणं-घेणं लागतं, कागद पुरत नाही. ते देणं-घेणं पाहिलेल्यांपैकी आता ती एकटीच उरली आहे.

मला का दिलं, तेही तिनं सांगितलं. ते तिचं आहे, इथे लिहीत नाही. हे तुमच्याकडूनच शिकले.

आईला मी आईच म्हणते, हिला माय. दोन्ही हाका माझ्या तोंडी सहज येतात.

आता एक काम आहे. "त्या कागदवाल्या बाबूले घेऊन ये," असं मायनं दोनदा बजावलंय. येत्या रविवारी सकाळी सात वाजता गणेशपेठच्या स्टँडवर या. तिकीट मी काढीन. ते वहीत मांडायचं नाही.

तुमची,
काटोलची नि महालची लेक