‘सुचवणे’ एवढ्यावर सोडू नका

महोदय,

आपल्या दैनिकातल्या रोजच्या इंग्रजी शब्दाच्या चौकटीत गेल्या आठवड्यात ‘सजेस्ट’ हे क्रियापद आले. अर्थ दिला होता ‘सुचवणे’, आणि पुढे पूर्णविराम. अर्थ बरोबरच आहे; पण तेवढ्या भांडवलावर कोणी इंग्रजी बोलायला गेला, तर पहिल्याच वाक्यात अडखळेल. मी निवृत्त लघुलेखिका. साहेबांनी तोंडी सांगितलेली इंग्रजी पत्रे उतरवण्यात नोकरी सरली, आता मुलाखतीची तयारी करणाऱ्या काही मुलामुलींचा संध्याकाळी सराव घेते. पत्र लांबणार आहे. कात्री लावायचीच तर माझ्या परिचयाला लावा.

‘मला एखादे पुस्तक सुचवा’ हे मराठीत स्वच्छ वाक्य. मुले त्याचे सरळ ‘सजेस्ट मी अ बुक’ करून मोकळी होतात. प्रमाण इंग्रजीत ते चालत नाही. ‘सजेस्ट’च्या लगेच नंतर सुचवलेली गोष्ट हवी, माणूस नव्हे. माणसाला आणायचेच असेल तर ‘टू’चे बोट धरून: ‘सजेस्ट अ बुक टू मी’. ‘ही सजेस्टेड मी टू गो’ हेही चूकच. तिथे ‘ॲडव्हाइज’ घेतले की काम होते: ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू गो’. ‘सजेस्ट’ला कृती जोडायची तर ‘ही सजेस्टेड गोइंग बाय ट्रेन’ असे म्हणावे लागते. त्यात जाणार कोण, हे मोघमच राहते. सुचवणारा स्वतःही त्यात असू शकतो.

पण खरी गंमत ‘दॅट’नंतर आहे. ही दोन वाक्ये पाहा. ‘द डॉक्टर सजेस्ट्स दॅट शी ईट लेस.’ ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट शी ईट्स लेस.’ फरक एका ‘स’चा. पहिल्याचा अर्थ, तिने कमी खावे असे डॉक्टर सुचवतात. दुसऱ्याचा अर्थ, ती कमी खाते असे अहवालावरून दिसते. एकीकडे सल्ला आहे, दुसरीकडे अनुमान. माझ्या वर्गातली मुले पहिल्या वाक्यातल्या ‘ईट’ला हमखास ‘स’ चिकटवतात, कारण ‘शी’ दिसली की ‘स’ लावायचा हे शाळेत घोटून घेतलेले असते. मी त्यांना सांगते, आधी मनात मराठी वाक्य म्हणा. ‘खावे’ आले तर ‘स’ नाही, ‘खाते’ आले तर ‘स’ हवा. शाळेत विध्यर्थ कंटाळवाणा वाटला असेल, पण इथे तोच मदतीला धावतो. ब्रिटिश लोक पहिल्या वाक्यात ‘शुड ईट’ही म्हणतात. ज्याला धाकधूक वाटते त्याने ‘शुड’ घालावे, कोणी हसणार नाही.

आता थोडी तक्रार. आपल्याच बातम्यांच्या पानांवर मी ‘नवा अभ्यास सुचवतो की…’ अशी वाक्ये वाचते. अभ्यास कसा काय सुचवेल? मराठीत सुचवायला माणूस लागतो. इंग्रजी बातमीतले ‘सजेस्ट्स’ तिथे ‘असे दिसते’, ‘असा निष्कर्ष निघतो’ या अर्थाचे असते, तेही जरा हातचे राखून. ‘सिद्ध झाले’ असे म्हणण्याची तयारी नसते तेव्हा शास्त्रज्ञ हेच क्रियापद वापरतात. चौकटीत एकच अर्थ छापला की तोच बातमीदाराच्या लेखणीत उतरतो, असे मला वाटते. आणि भांडणातले ‘सजेस्ट’ तर आणखी निराळे. ‘आर यू सजेस्टिंग दॅट आय ॲम लाइंग?’ असे कोणी डोळे वटारून विचारले, तर तो काही सूचना मागत नसतो. ‘मी खोटे बोलतोय असे म्हणायचेय का तुम्हाला?’ असा त्याचा रोख असतो. तिथे ‘सुचवणे’ घालून पाहा, हसू येईल.

हे दुखणे जुने आहे आणि औषधही जुने आहे. जपानमध्ये इंग्रजी शिकवलेल्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परभाषकांसाठी केलेला शब्दकोश १९४२ मध्ये टोकियोत निघाला. त्यात क्रियापदांच्या वाक्यरचनेचे २५ नमुने ठरवून कोणते क्रियापद कोणत्या नमुन्यात बसते ते दाखवले होते. परभाषक अर्थावर कमी आणि रचनेवर जास्त अडतो, हे त्यांनी ओळखले होते. शिकणाऱ्यांसाठीच्या आजच्या चांगल्या कोशांतही ही माहिती असते, पण मुले मोबाइलवर पहिला मराठी प्रतिशब्द पाहतात आणि कोश मिटतात. त्यांना दोष देऊन काय करायचे? आपली चौकटही तेच करते.

माझी मागणी साधी आहे. रोज नवा शब्द नको. आठवड्याला एकच क्रियापद घ्या आणि त्याच्यानंतर काय येते ते दाखवा. दोन बरोबर वाक्ये द्या, आणि आपली माणसे हटकून बोलतात ते एक चुकीचे वाक्य फुली मारून छापा. फुलीचे वाक्य गाळू नका, सराव घेताना तेच सर्वांत जास्त कामाला येते. सुरुवात ‘एक्सप्लेन’पासून करता येईल. ‘एक्सप्लेन मी’ म्हणणारी मुले ‘सजेस्ट मी’वाल्यांपेक्षा जास्त आहेत, आणि तिथेही वाट ‘टू’मधूनच जाते.

आपली,
एक वाचक, निवृत्त लघुलेखिका